रेघ मारलेली ओळ

माझ्यावर सर्वात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी आईवडिलांच्याही आधी आमच्या हायस्कूलमधल्या गणिताच्या सरांचं नाव घेतो. नाव घेतो म्हणजे ‘सर’ एवढंच म्हणतो. त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही आणि इथेही मी तसंच लिहिणार आहे.

वडील फौजेत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. गाव सातारा जिल्ह्याच्या दक्षिण कडेला. हायस्कूल गावातच होतं, पत्र्याचं. पावसाळ्यात पत्र्यावर असा आवाज व्हायचा की पुढच्या बाकावरही काही ऐकू यायचं नाही. बाकीचे शिक्षक तेव्हा तास सोडून द्यायचे. सर बोलायचं थांबवायचे आणि फळ्यावर लिहीत राहायचे, आम्ही वाचत राहायचो. लिहिलेलं वाचून त्यातली चूक शोधायची सवय मला त्या आवाजात लागली असावी.

गणित सुटलं की सर विचारायचे, ताळा केलास? भागाकार केला असेल तर भाजकाने परत गुणायचं, बाकी मिळवायची, मूळ संख्या आली पाहिजे. हे सगळीकडेच शिकवतात. सरांचं वेगळं एवढंच की ताळा स्वतः करायचा नाही, वही शेजाऱ्याला द्यायची. ज्याने गणित सोडवलं त्याचे डोळे त्या गणिताला सरावलेले असतात, ते चुकीवरून घसरून पुढे जातात, असं ते म्हणत. आणि चुकलं तर खोडायचं नाही. त्यांच्या तासाला खोडरबर दप्तरातून बाहेर काढायची सोय नव्हती. चुकलेल्या ओळीखाली रेघ मारायची आणि त्याखाली एका वाक्यात लिहायचं की ही ओळ मी का लिहिली. ‘चुकून’ असं लिहिलेलं चालायचं नाही. चुकून कुणी काही लिहीत नाही, लिहिताना ते खरंच वाटत असतं. का वाटलं ते लिही, असं म्हणायचे.

नववीत भूमिती आली. पक्ष म्हणजे जे दिलेलं आहे ते, साध्य म्हणजे जे सिद्ध करायचं ते, आणि मग सिद्धता. एकदा आकृतीत दोन बाजू सारख्या दिसत होत्या, म्हणून मी त्या सारख्या धरल्या आणि चार ओळींत प्रमेय उरकलं. सरांनी वही हातात घेतली.

“हे तुला कुणी दिलं?”

“दिसतंय सर.”

“दिसतंय ते पक्षात आहे का?”

नव्हतं. वर्ग हसला. मी त्या ओळीखाली रेघ मारली आणि लिहिलं, आकृती नीट काढली होती म्हणून मला खरं वाटलं. सरांनी त्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली. प्रमेयाला शून्यच दिलं.

दहावीच्या वर्षी त्यांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, कारण आमच्या एका खोलीत अभ्यासाला कोपरा नव्हता. काकू तव्यावरची पहिली भाकरी मला वाढायच्या आणि दुसरी सरांना. मी सांगलीला इंजिनिअरिंगला निघालो तेव्हा सर एस.टी. स्टँडवर आले आणि आंतरदेशीय पत्रांचा एक गठ्ठा हातात दिला. प्रत्येकावर त्यांचा पत्ता त्यांच्याच अक्षरात आधीच लिहिलेला होता. खुशाली फोनवर विचार, पण महत्त्वाचं असेल ते लिहून कळव, असं म्हणाले. तोंडी उत्तराला ते शाळेतही गुण देत नसत.

पुढे मी संगणकशास्त्र शिकलो, पीएच.डी. केली आणि सांगलीतल्याच एका कॉलेजात प्राध्यापक झालो. माझा विषय लोकांना सांगताना अडचण होते. प्रोग्राम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी. तो शंभर वेळा चालवून बघितला तर त्या शंभर वेळांबद्दल काय ते कळतं, एकशेएकाव्या वेळेबद्दल कळत नाही. मी प्रोग्राम न चालवता वाचतो. मी वाचतो म्हणजे आम्ही तयार केलेलं एक सॉफ्टवेअर वाचतं. आम्ही त्याला तपासनीस म्हणतो. प्रोग्राम ज्या ज्या वाटेने जाऊ शकेल त्या सगळ्या वाटा तो धुंडाळतो आणि एखादी वाट खड्ड्यात जाते असं दिसलं की इशारा देतो. एकही इशारा उरला नाही की आम्ही म्हणतो, प्रोग्राम सिद्ध झाला. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हंजे तू मशीनचा ताळा करतूस. याहून बरं मला अजून सांगता आलेलं नाही.

या कामातली कटकट अशी की तपासनीस भित्रा असतो. जे कधीच घडणार नाही त्याचेही इशारे देतो. मग आम्ही त्याला एक ओळ लिहून देतो की अमुक असं होत नाही, हे धरून चाल. त्या ओळीला गृहीतक म्हणतात. तपासनीस ती निमूट मानतो आणि इशारा नाहीसा होतो. हे तुला कुणी दिलं, असं तो विचारत नाही.

निवृत्तीनंतर सर त्यांच्या मूळ गावी राहायला गेले. ते गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. घर घाटापासून तिसऱ्या गल्लीत. पूर त्या गावाला नवा नाही. पावसाळ्यात सर घाटाच्या पायरीवर चुन्याची खूण करायचे आणि दर तासाला छत्री घेऊन बघून यायचे. पाणी मारुतीच्या पाराला लागलं की सामान बांधून निघायचं, असं त्यांच्या गल्लीत ठरलेलं होतं. शेजारी एक निवृत्त सुभेदार एकटे राहायचे, कानाने अधू. सरांची छत्री लगबगीने परत येताना दिसली की ते कट्ट्यावर गाठोडं आणून ठेवायचे आणि त्यावर बसायचे. पुकारा झाला की हे सर्वात आधी तयार. सर त्यांना चिडवायचे, सुभेदार, लढाई अजून लांब हाय. ते म्हणायचे, सर, तुमचा चुना वाळला का ते बघा आधी.

दोन वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. पलूसकडचा, हुशार, थोडा घाईचा. त्याने पुलाखाली बसवायचं एक यंत्र केलं होतं. यंत्र दर पाव तासाला पाण्यावर आवाज सोडतं, तो परत यायला किती वेळ लागला यावरून पातळी काढतं आणि ती गावकऱ्यांच्या मोबाइलवर दिसते. पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं की सगळ्यांचे फोन वाजतात. काठावरच्या काही ग्रामपंचायती मिळून ते घेणार होत्या. त्यांना कुणा जाणकाराचं प्रमाणपत्र हवं होतं. त्या पंचायतींत सरांच्या गावाचीही होती.

मी तपासनीस लावला. दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या. पाणी खुणेवर गेलं तर निरोप जातोच, ही एक. आणि प्रोग्राम कुठे अडकून पडत नाही, ही दुसरी. सुरुवातीला बरेच इशारे आले. पोराने एकेक दुरुस्ती केली. शेवटी एकच इशारा उरला. पुरात उसाचं पाचट, जलपर्णी, प्लॅस्टिक असं काहीबाही वाहत येऊन यंत्राखाली अडकतं आणि मग भलताच आकडा येतो. म्हणून आधीच्या चांगल्या आकड्यापेक्षा नवा आकडा एका फुटाहून जास्त वेगळा असेल तर तो कचरा समजून टाकून द्यायचा आणि आधीचाच दाखवायचा, अशी त्याने सोय केली होती. तपासनीस म्हणत होता की इथे एक वाट आहे जिच्यावर हा प्रोग्राम यापुढे कुठलाच आकडा कधीच घेत नाही.

मी त्याला विचारलं, पाव तासात पाणी फूटभर चढतं का?

“सर, कृष्णा हाय ती, नळ न्हाई,” तो म्हणाला. “तासाला वीतभर चढली तरी लोक गाड्या काढून बघायला येत्यात.”

मलाही तसंच वाटलं. मी नदीच्या मुलखातला आहे, मला हे माहीत आहे, असं वाटलं. मी तपासनिसाला एक ओळ लिहून दिली: लागोपाठच्या दोन आकड्यांत एका फुटाहून जास्त फरक पडत नाही. इशारा गेला. प्रोग्राम सिद्ध झाला. मी प्रमाणपत्रावर सही केली. ती ओळ जोडपत्रात होती, बारीक इंग्रजी अक्षरांत.

पंचायतीत छोटा समारंभ झाला. मला फेटा बांधला. सर पुढच्या रांगेत बसले होते आणि सुभेदारांच्या कानाशी वाकून, मोठ्याने, सगळ्या सभेला ऐकू जाईल असं सांगत होते की हा माझा पोरगा. समारंभ झाल्यावर घरी चहा घेताना त्यांनी प्रमाणपत्र चष्म्याजवळ धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “पक्ष काय धरलास?”

मी म्हणालो, “साधाच आहे सर. नदी नळासारखी चढत नाही, एवढाच.”

ते हसले. मीही हसलो. तेव्हा त्यांना वही दिली असती तर त्यांनी तिथेच बोट ठेवलं असतं, हे मला आज कळतं. पण मी मोठा झालो होतो, फेटा डोक्यावर होता, आणि सरांना इंग्रजी जोडपत्र वाचून दाखवणं मला बरं वाटलं नाही. त्यांनी प्रमाणपत्राला फ्रेम करून ती बाहेरच्या खोलीत लावली. काकूंनी फोनवर सांगितलं की यंदा घाटावर चुना न्यायचं बंद केलंय. आता त्यांचं गुडघ्याचं दुखणं आहे, आणि तू आहेसच की.

मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हेही लिहिलं पाहिजे.

मागच्या पावसाळ्यात महाबळेश्वरकडे आणि कोयनेच्या खोऱ्यात आठवडाभर पावसाने झोड उठवली होती. सांगलीत आम्ही सगळे मोबाइलवर पातळी बघत होतो. सकाळी सातला सरांच्या गावचा आकडा एकतीस फूट चार इंच होता. धोक्याच्या खुणेच्या चांगला खाली. हिरवा ठिपका दिसत होता, म्हणजे यंत्र चालू होतं. अकराच्या तासानंतर बघितलं, एकतीस फूट चार इंच. साडेबाराला स्टाफरूममध्ये कॉलेज बंद ठेवायची चर्चा चालली होती, तेव्हा पुन्हा बघितलं. तोच आकडा. मी शेजारच्या सहकाऱ्याला सांगितलं, वरच्या बाजूला पाणी थांबलंय. त्याने चहा पुढे केला.

तेवढ्यात कुणीतरी आत येऊन म्हणालं की आयर्विन पुलाजवळ सकाळपासून दोन फूट चढलंय.

मी चहा घेतला नाही. वरच्या गावात पाणी इंचभरही हललं नाही आणि खाली सांगलीत दोन फूट चढलं, हे कसं? नदी पाच-सहा तास एका इंचावर उभी राहत नाही. माणसाने लिहून ठेवलेला आकडाच असा उभा राहतो. तेव्हा मला तो शेवटचा इशारा आठवला. त्याचे शब्द जसेच्या तसे आठवले. यापुढे कुठलाच आकडा कधीच घेत नाही.

नंतर जे सगळं कळलं ते आधी सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याचा घोटाळा होणार नाही. पूर चढायला लागला की काठावरच्या गावांची लाइट खबरदारी म्हणून बंद करतात. हे आमच्याकडे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. मीही रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास केलेला आहे. पण माझ्या कॉलेजात जनरेटर आहे, लाइट गेलेली मला गेली कित्येक वर्षं कळतच नाही. त्या गावची लाइट आदल्या संध्याकाळी गेली आणि मध्यरात्रीच्या सुमारास यंत्राची बॅटरीही संपली. पडदा कोरा राहिला असता तर लोक स्वतःच घाटावर गेले असते. पण पंचायतीचा शिपाई चांगला माणूस, त्याने उजाडताच आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून यंत्राला जोडली. यंत्र जागं झालं. तोवर पाणी तीन फूट वर आलं होतं. यंत्राने साठवून ठेवलेल्या जुन्या चांगल्या आकड्याशी नवा ताडून बघितला, फरक फार होता, म्हणून कचरा समजून टाकून दिला. पाव तासाने पुन्हा टाकून दिला. दिवसभर ते तेच करत होतं. हिरवा ठिपका चालू होता.

मी सरांना फोन लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा काकूंनी उचलला आणि सरांना दिला. सर निवांत होते. म्हणाले, गल्लीतले लोक सकाळी सामान बांधून निघाले होते, मीच थांबवलं. सरपंचाचा फोन आला होता, त्यालाही सांगितलं की आकडा हललेला नाही आणि तो आकडा सिद्ध केलेला आहे. सुभेदारांना गाठोडं आत न्यायला लावलं, बळेच.

मी म्हणालो, “सर, आकडा खोटा आहे. मोबाइल बघू नका. बाहेर जाऊन पाणी बघा.”

 चपलांचा आवाज आला, मग पावसाचा. गल्लीच्या तोंडापर्यंत जायला त्यांच्या गुडघ्याला बराच वेळ लागला असावा. मी खिडकीशी उभा होतो आणि मागे कुणीतरी उद्याच्या परीक्षेचं वेळापत्रक वाचत होतं.

“पार दिसत नाही,” सर म्हणाले.

मला वाटलं पावसामुळे दिसत नसेल. तसं नव्हतं. पार पाण्याखाली होता. मारुतीच्या देवळाच्या उंबऱ्याशी पाणी होतं.

मग त्यांनी अगदी वर्गातल्या आवाजात विचारलं, “पक्ष काय धरला होतास?”

मी सांगितलं. दोन आकड्यांत फुटाहून जास्त फरक पडत नाही, असं धरलं होतं.

“आणि लाइट गेली तर?”

 फोन बंद झाला. तो त्यांनी बंद केला की रेंज गेली, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

मी मोटरसायकल काढली. इस्लामपूरच्या रस्त्यावर पोलिसांनी दोनदा परत फिरवलं. वाट काढत पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. गावाकडे जाणारा फाटा पाण्याखाली गेला होता. पुराच्या लोकांना इस्लामपूरच्या एका शाळेत ठेवलं होतं. तिथे काकू दिसल्या, बाकावर बसलेल्या, ओलं लुगडं अंगावर सुकत चाललेलं. सरांनी त्यांना पहिल्या ट्रॅक्टरमध्ये बसवलं होतं आणि स्वतः दारं वाजवत मागे राहिले होते. काकू मला पाहून रडल्या नाहीत. म्हणाल्या, “काहीतरी खाल्लंस का?”

सर दुसऱ्या दिवशी दुपारी आले, होडीतून, त्यांच्या गावच्या हायस्कूलच्या वरच्या मजल्यावर अडकलेल्या लोकांबरोबर. त्यांना धरून उतरवावं लागलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, पण पहिला प्रश्न काकूंना विचारला.

“सुभेदार आले का?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्या खोल्यांतून फिरलो, दारावरच्या याद्या वाचल्या. दुसऱ्या शाळेतही जाऊन आलो. मी परत आलो तेव्हा सर त्याच जागी तसेच बसले होते, हातावर हात ठेवून. मी नकारार्थी मान हलवली. 

पाणी ओसरल्यावर सुभेदार त्यांच्याच घरात सापडले. गाठोडं त्यांच्याजवळ होतं, पुन्हा बांधलेलं. शेजाऱ्यांचा अंदाज असा की सरांच्या सांगण्यावरून ते आत जाऊन कानातलं यंत्र काढून आडवे झाले असतील, आणि दार वाजलेलं त्यांना ऐकू आलं नसेल.

आठवड्याने मी गाळ काढायला गेलो. गल्लीतली माणसं माझ्याशी बोलत होती, पाणी आणून देत होती. कुणी मला दोष दिला नाही. ज्याने यंत्राला बॅटरी जोडली होती तो शिपाई तेवढा समोर आला की बाजूला व्हायचा, जणू त्याचंच काही चुकलं होतं. सरांच्या बाहेरच्या खोलीत छातीच्या उंचीवर भिंतीला चिखलाची सरळ रेघ होती. ती रेघ भिंतीवरून प्रमाणपत्राच्या फ्रेमवर गेली होती आणि दुसऱ्या बाजूने पुढे भिंतीवर. वरचा अर्धा कागद स्वच्छ होता, माझी सही चिखलात होती.

सर खुर्चीवर बसून होते. मी फ्रेम काढली तेव्हा म्हणाले, ठेव तिथंच. मग माझ्याकडे न बघता बोलले.

“त्यांचं दार मी दोनदा वाजवलं. गाठोडं कट्ट्यावर नव्हतं. म्हणून गेले असतील, असं मी धरलं.”

मी म्हणालो, “सर, गाठोडं आत गेलं ते माझ्यामुळे.”

“तोंडी नको,” ते म्हणाले. “लिहून पाठव. कुठली ओळ, आणि का लिहिलीस.”

मला लिहायला सव्वा महिना लागला. त्यांच्या गठ्ठ्यातलं एक आंतरदेशीय पत्र माझ्याकडे जपून ठेवलेलं होतं, पण त्यात हे मावलं नाही. म्हणून फुलस्केप कागदावर लिहिलं, आणि पत्ता मात्र त्या जुन्या पत्रावरचा, जुन्या गावाचाच, पण त्यांच्या अक्षरातला, कापून पाकिटावर चिकटवला; पत्र माणसाच्या हातीच पाठवायचं होतं. नक्कल इथे देतो.

*सर, तुम्हाला आणि काकूंना नमस्कार.*

*तुम्ही सांगितलं होतं तसं लिहितो आहे. चुकलेली ओळ ही:*

*लागोपाठच्या दोन आकड्यांत एका फुटाहून जास्त फरक पडत नाही.*

*तिच्याखाली रेघ मारली आहे. मी ती का लिहिली याचं वाक्य मी अनेक वेळा लिहिलं आणि फाडलं. खोडल्यासारखंच झालं ते, त्याबद्दल क्षमा करा. आधी लिहिलं, नदीचा स्वभाव मला माहीत होता म्हणून. ते पूर्ण खरं नाही. मग लिहिलं, लाइटचा विचार केला नाही म्हणून. तेही पूर्ण खरं नाही. खरं वाक्य असं आहे: इशारा एकच उरला होता आणि मला तुमच्या गावात प्रमाणपत्र घेऊन यायची घाई झाली होती, म्हणून मला ती ओळ खरी वाटली.*

*ताळा मी स्वतःच केला. वही कुणालाही दिली नाही. तुम्ही मागितली तेव्हाही दिली नाही.*

*आता तुमच्या ओळीबद्दल. सुभेदार गेले असतील असं तुम्ही धरलं, असं तुम्ही म्हणालात. ती ओळ तुमच्या वहीत लिहू नका. कट्ट्यावर गाठोडं असतं, हे तुम्ही इतकी वर्षं बघून ठरवलेलं होतं. त्या दिवशी ते तिथे नव्हतं, कारण तुम्ही माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला. म्हणजे ती ओळ माझ्या ओळीतून निघाली आहे. सिद्धतेत पहिली ओळ चुकली की खालच्या सगळ्या ओळी तिच्या नावावर जातात, हे मला तुम्हीच शिकवलं. मी हे तुमचं समाधान करायला लिहीत नाही. मला हे बरोबर वाटतं. तुम्ही तपासा.*

*प्रमाणपत्र मी मागे घेतलं आहे आणि तसं सर्व पंचायतींना लेखी कळवलं आहे. पोराने प्रोग्राम दुरुस्त केला. तो दुरुस्त झाला आहे असं मी म्हणत नाही, त्याने तसं सांगितलं आहे. तपासायला मी तो दुसऱ्या कॉलेजातल्या माणसांना दिला आहे, जोडपत्र मराठीत करून.*

*पण एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. जुना प्रोग्राम पोराने त्याच्या दोन मित्रांना दिला होता. त्यांनी तो पुढे कुणाला दिला ते त्यांना नीट सांगता येत नाही. त्याच प्रोग्रामवर चालणारी यंत्रं आम्हाला आणखी चार पुलांखाली सापडली. दोन ठिकाणी लोक बंद करायला तयार नाहीत, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्राची झेरॉक्स आहे. आणखी किती पूल आहेत ते मला माहीत नाही. मी दर रविवारी गाडी घेऊन काठाकाठाने जातो आणि पुलाखाली बघतो. हिरवा ठिपका दिसला की त्या गावच्या पंचायतीला लिहून देतो.*

*कालपासून कोयनेकडे परत पाऊस धरला आहे आणि धरण भरलेलं आहे. या पत्राबरोबर येणाऱ्या माणसाकडे चुन्याची पिशवी दिली आहे. गुडघा दुखतो, तर गल्लीतल्या कुणाला तरी पायरीवर खूण करायला लावा, आणि दर तासाला दुसऱ्या कुणाला तरी बघून यायला सांगा. माझा आकडा कुणी बघू नये.*

*हे पत्र वाचून उत्तर द्यावंसं वाटलं तर सावकाश द्या. पण वाचत असताना पाणी पाराला लागलेलं असेल, तर पत्र तिथेच ठेवा आणि निघा. निघताना सगळी दारं उघडून आत बघा.*

*तुमचा विद्यार्थी*